बुद्ध पौर्णिमेची खीर का आंबते?

प्रश्न : वैशाख पौर्णिमेला आम्ही विहारात शंभर जणांसाठी खीर करतो. गेल्या वर्षी ती दुपारपर्यंत आंबली. काय चुकलं? (वाचक, चोपडा)

उत्तर : खीर आदल्या रात्री केली असणार. खान्देशातल्या मे महिन्यात मोठं पातेलं रात्रभरही नीट निवत नाही, आणि झाकलेल्या कोमट दुधात जिवाणू झपाट्यानं वाढतात. १५ लिटर दूध, दीड किलो तांदूळ, दोन किलो साखर घ्या. पहाटे शिजवा, त्रिशरण, पंचशील, वंदना आटोपताच गरम वाढा, दोन तासांत संपवा. ज्ञानप्राप्तीपूर्वी सिद्धार्थ गौतमांना खीर देणाऱ्या सुजातेच्या दानाची ही परंपरा, त्यामुळे वाटी वस्तीबाहेरच्यांनाही मिळावी, हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. गूळ वापरणार असाल तर खीर उतरवून थोडी निवल्यावरच घाला. उकळत्या दुधात घातला की दूध फाटतं.