ब्लेंडरच्या रेंडर प्लगिनमध्ये एस्केप दाबूनही काम का थांबत नाही?

नागपूरच्या धरमपेठेतल्या स्टुडिओसाठी पायथनमध्ये लिहिलेलं तुमचं रेंडर इंजिन (ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये दृश्याचं चित्र तयार करणारं प्लगिन) एस्केप दाबलं तरी फ्रेम संपेपर्यंत सोडत नाही, असं तुम्ही विचारलंय. ब्लेंडर तुमचं लूप स्वतःहून तोडत नाही. 'टेस्ट_ब्रेक' (थांबायला सांगितलंय का, ते कळवणारं फंक्शन) तुम्हालाच तपासावं लागतं. दर पिक्सेलला नको, उगाच वेळ जातो. टाइलमागे, म्हणजे फ्रेमच्या एका चौकोनी तुकड्यामागे, एकदा पुरे. 'ट्रू' आलं की लूप सोडा आणि 'एंड_रिझल्ट'ला (तयार टाइल ब्लेंडरकडे सोपवणाऱ्या फंक्शनला) 'कॅन्सल' ट्रू द्या, म्हणजे अर्धवट टाइल पूर्ण झाल्याची नोंद होत नाही.

प्लगिनमधून बाहेरची प्रोसेस (वेगळा चालणारा प्रोग्रॅम) चालवत असाल तर आधी ती बंद करा, ती खरंच संपेपर्यंत थांबा, मगच तात्पुरत्या फाइली पुसा. हे टाळू नकाच. नागपूरच्या मे महिन्यात मागे राहिलेली प्रोसेस मशीन नुसती तापवत बसते. आणि रद्द केल्यावर एररचा डबा दाखवू नका. आर्टिस्टनं मुद्दाम थांबवलंय.