वाचकांचे प्रश्न : निगाताहून उत्तर कोरियाला गेलेल्या जपानी बायका

प्रश्न : १९५९ पासून जपानमधून उत्तर कोरियात गेलेल्या ९३ हजार जणांमध्ये (बहुतेक जपानमध्ये राहणारे कोरियन) सुमारे ६,८०० जपानी होते आणि त्यांत जपानी बायका फक्त १,८०० च्या आसपास, असं वाचलं. मग उरलेले जपानी कोण?

उत्तर : बहुतेक मुलं. त्या काळी जपानी कायद्यात नागरिकत्व बापाकडून मिळे. आईकडूनही मिळण्याची तरतूद १ जानेवारी १९८५ पासून आली. त्यामुळे कोरियन नवरा आणि जपानी बायको यांचं लग्न कायदेशीर नोंदलेलं असलं, तर मुलं कोरियन. नोंदलेलं नसलं, तर मुलं आईच्या कुटुंबनोंदवहीत, म्हणजे जपानी. एकाच वस्तीतल्या दोन सारख्या घरांत हा फरक पडे.

बायकांच्या आकड्यातही एक मेख आहे. २८ एप्रिल १९५२ ला जपानने कोरियन लोकांचं, वसाहतीच्या काळापासून असलेलं जपानी नागरिकत्व काढून घेतलं. त्याआधी लग्न होऊन ज्यांचं नाव नवऱ्याच्या कोरियन नोंदवहीत गेलं होतं, त्या जपानी बायकाही त्या दिवशी परदेशी झाल्या. १,८०० मध्ये त्या धरलेल्या नाहीत.

प्रश्न : जाणाऱ्यांपैकी बहुतेकांचं मूळ गाव दक्षिण कोरियात होतं. मग ते उत्तरेला का गेले? आणि बायका परत का आल्या नाहीत?

उत्तर : जपानमध्ये कोरियन लोकांना नोकरीची दारं बंद, सरकारी पेन्शन नाही. दक्षिणेतल्या सरकारला हे लोक परत नको होते. उत्तरेने घर, काम आणि मुलांचं शिक्षण देऊ केलं. जपान आणि उत्तर कोरिया यांच्या रेड क्रॉसचा करार १३ ऑगस्ट १९५९ ला आपल्या कलकत्त्यात झाला. पहिली जहाजं १४ डिसेंबरला जपानच्या निगाता बंदराहून उत्तर कोरियाच्या चोंगजिन बंदराला निघाली. चढण्याआधी 'स्वखुशीने जाताय ना?' असं विचारलं जाई, पण पुढे काय वाढून ठेवलंय हे सांगणारं तिथे कुणी नव्हतं.

बायकांना शब्द दिला होता, तीन वर्षांनी माहेरी जाता येईल. तो पाळला गेला नाही. पत्रं तपासली जात, म्हणून काही घरांनी निघतानाच खुणा ठरवल्या होत्या : फोटोत उभा असलो तर या, बसलेला असलो तर येऊ नका. साबण आणि कपडे मागणारी पत्रं येऊ लागली, तशी १९६२ पासून जाणाऱ्यांची संख्या एकदम घसरली. माहेरभेटीची पहिली तुकडी आली नोव्हेंबर १९९७ मध्ये, १५ जणींची. पुढच्या दोन तुकड्या धरून २००० पर्यंत एकूण ४३ भेटी झाल्या. बाकीच्या बायकांना आईवडिलांच्या मरणालाही पोचता आलं नाही.