तीन पिढ्यांची सफारी: दक्षिण आफ्रिकेतील खासगी लॉजविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्यातील बरीच पत्रे एकाच बेताविषयी आहेत. आजी-आजोबा, मुले-सुना, लेकी-जावई आणि नातवंडे अशा सर्वांनी मिळून दक्षिण आफ्रिकेत सफारीला जायचे आणि त्यासाठी संपूर्ण लॉज किंवा लॉजच्या आवारातील स्वतंत्र घर आपल्यापुरते राखून घ्यायचे, असा हा बेत आहे. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न: आम्ही अकरा जण आहोत. धाकटी नात चार वर्षांची आहे आणि सासरे शहात्तर वर्षांचे. मोठ्या लॉजमध्ये पाच खोल्या घेण्यापेक्षा संपूर्ण घर राखणे बरेच महाग पडते. हा फरक केवळ ऐषारामाचा आहे का?

उत्तर: नाही. जादा पैसे मुख्यतः स्वतंत्र गाडी आणि स्वतःचे वेळापत्रक यांसाठी मोजले जातात, आणि तीन पिढ्या एकत्र असताना या दोन गोष्टींवरच सहल सुखाची होते की ओढाताणीची, हे ठरते. सामायिक लॉजमध्ये एका उघड्या गाडीत निरनिराळ्या कुटुंबांतील पाहुणे बसवले जातात. पहाटे निघण्याची आणि परतण्याची वेळ सर्वांसाठी एकच असते, आणि फेरी साधारण तीन ते चार तास चालते. शिवाय बहुतेक लॉज सहा वर्षांखालील मुलांना सामायिक गाडीत घेत नाहीत. म्हणजे आपल्या नातीसाठी प्रत्येक फेरीला कोणालातरी मागे थांबावे लागेल, आणि ते थांबणे बहुधा तिच्या आईच्या किंवा आजीच्या वाट्याला येईल.

संपूर्ण घर घेतल्यावर रेंजर, ट्रॅकर (प्राण्यांचा माग काढणारा), स्वयंपाकी आणि गाडी ही सर्व आपल्यासाठीच असतात. नात कंटाळली तर अर्ध्या तासात परतता येते, आणि थोरल्या नातवाला रानकुत्र्यांच्या बिळापाशी पिल्ले पाहत तासभर थांबायचे असेल तर इतर पाहुण्यांची परवानगी घ्यावी लागत नाही. न्याहारी अकराला हवी असेल तर ती अकराला मिळते. मात्र सिंहांच्या किंवा हत्तींच्या जवळ जाताना लहान मूल गाडीत असावे की नसावे, याचा अंतिम निर्णय खासगी गाडीतही रेंजरचाच असतो, आणि तो मुकाट्याने मान्य करावा.

पैसे भरण्यापूर्वी एक गोष्ट लेखी विचारून घ्या: दरात गाड्या किती? अकरा माणसे एका गाडीत नीट बसू शकत नाहीत. गाडीत नऊ-दहा आसने असली तरी मधल्या आसनावरून कॅमेरा काढणेही कठीण होते; सहा माणसांपर्यंत प्रवास सुखाचा. अनेक घरांच्या दरात एकच गाडी धरलेली असते आणि दुसऱ्या गाडीचे रोजचे वेगळे पैसे पडतात. दोन गाड्या मिळाल्या तर मुलाचे कुटुंब एका गाडीत आणि मुलीचे दुसऱ्या गाडीत, अशी वाटणी कृपया करू नका. ज्यांना लांब फिरायचे आहे त्यांची एक गाडी आणि ज्यांना लवकर परतायचे आहे त्यांची दुसरी, अशी वाटणी केल्यास आजोबा आणि धाकटी नात आपोआप शेजारी येतात, आणि एकत्र येण्याचा हेतू तिथेच साधतो.

घराचा दर साधारणपणे ठरावीक संख्येपर्यंतच्या माणसांसाठी प्रतिरात्र, रँड या तेथील चलनात सांगितला जातो. त्यामुळे घर पूर्ण भरले की माणशी खर्च उतरतो आणि सामायिक खोल्यांशी असलेला फरक बराच कमी होतो. जेवण आणि रोजच्या दोन फेऱ्या दरात असतात. संवर्धन शुल्क, विमानतळावरून ने-आण आणि कर्मचाऱ्यांना द्यायची बक्षिसी ही बहुधा वेगळी असते.

प्रश्न: क्रूगर परिसराचे नाव सर्वत्र ऐकू येते, परंतु तेथे मलेरिया असतो असे कळले. लहान मुलांना घेऊन जावे का?

उत्तर: घरात पाच वर्षांखालील मूल किंवा गर्भवती सून असेल तर जागा ठरवताना मलेरियाचाच विचार आधी करावा. या दोघांना मलेरिया झाल्यास तो गंभीर होण्याचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो. क्रूगर राष्ट्रीय उद्यान आणि त्याला लागून असलेले साबी सँड हे खासगी अभयारण्य, ही दोन्ही मलेरियाच्या पट्ट्यात येतात. साबी सँडचे आकर्षण मी नाकारत नाही. त्याच्या आणि क्रूगरच्या मधले कुंपण 1993 मध्ये काढल्यापासून प्राणी दोन्हींकडे मोकळे फिरतात आणि बिबट्याचे इतके निवांत दर्शन अन्यत्र क्वचितच घडते. तरीही मुले थोडी मोठी होईपर्यंत ते राखून ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मलेरियामुक्त प्रदेशात पर्याय भरपूर आहेत. बोत्स्वानाच्या सीमेलगतचे मादिक्वे, लिंपोपो प्रांतातील वॉटरबर्ग डोंगररांगेतील वेल्गेवॉन्डन, ईस्टर्न केपमधील क्वांडवे आणि कालाहारीतील त्स्वालू ही त्यांतील प्रमुख नावे. पहिल्या कौटुंबिक सफारीसाठी मी मादिक्वे सुचवेन. सुमारे 75,000 हेक्टरांचे हे क्षेत्र 1991 मध्ये अभयारण्य झाले. त्यापूर्वी तेथे गुरे चारून कस गेलेली जमीन होती. नंतर ऑपरेशन फिनिक्स या मोहिमेत आठ हजारांहून अधिक वन्य प्राणी तेथे आणून सोडण्यात आले. दिवसापुरते येणाऱ्या पर्यटकांना प्रवेश नसल्याने गाड्यांची गर्दी होत नाही. जोहान्सबर्गहून मोटारीने चार ते पाच तास लागतात, त्यामुळे लहान विमानाचा खर्चही टाळता येतो. त्स्वालू विलक्षण आहे, परंतु ते खवल्या मांजर आणि आर्डवार्क (मुंग्या-वाळवी खाणारा निशाचर प्राणी) यांसारख्या दुर्मिळ प्राण्यांच्या ओढीने जाणाऱ्यांसाठी आहे, आणि ती ओढ बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या सफारीत लागते.

क्रूगरचाच आग्रह असेल तर कोरडा हिवाळा, म्हणजे जून ते ऑगस्ट, निवडा. तेव्हा डास कमी असतात, धोका मात्र शून्य नसतो. प्रतिबंधक गोळ्या कोणत्या घ्यायच्या हे डॉक्टरांना निघण्याच्या बरेच आधी विचारा, कारण त्यांतील डॉक्सिसायक्लिन सामान्यतः आठ वर्षांखालील मुलांना देत नाहीत. परतल्यानंतर कोणालाही ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन आफ्रिकेचा प्रवास आवर्जून सांगा.

प्रश्न: आईचे वय चौऱ्याहत्तर. गुडघे दुखतात, मणक्याचाही त्रास आहे. तिला सफारी झेपेल का? ती म्हणते, तुम्ही जा, मी घरीच बरी.

उत्तर: आईंना अवश्य न्या, पण लॉजला आधी सर्व कळवून. सफारीत चालणे फारसे नसते. त्रास होतो तो उंच गाडीत चढण्याचा आणि खडबडीत वाटेवरील धक्क्यांचा. गाडीत मागच्या रांगा उंच असतात आणि धक्के तेथेच जास्त बसतात. आईंसाठी रेंजरच्या शेजारचे पुढचे आसन किंवा त्याच्या मागची पहिली रांग मागून घ्या. चढण्यासाठी पायऱ्यांचे स्टूल आहे का, हेही विचारा. खासगी अभयारण्यांत प्राण्याच्या मागे रस्ता सोडून झुडपांत गाडी नेण्याची मुभा असते, राष्ट्रीय उद्यानात पर्यटकांना ती नसते. त्यातली मजा मोठी, पण हादरेही तितकेच. गाडी स्वतंत्र असेल तर रेंजरला "आज रस्त्यावरूनच" एवढे सांगणे पुरते. हाडे ठिसूळ झाली असतील किंवा मणक्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर मात्र अस्थितज्ज्ञांची संमती घेतल्याशिवाय निघू नका.

लॉजला आणखी काही प्रश्न विचारायला हवेत. निजण्याची खोली भोजनगृहापासून किती दूर आहे? मध्ये किती पायऱ्या आहेत? घराभोवती कुंपण आहे का? कुंपण नसलेल्या ठिकाणी अंधार पडल्यावर सोबतीला कर्मचारी घेतल्याशिवाय खोलीबाहेर पाऊल टाकता येत नाही, आणि हा नियम मुलांपासून आजोबांपर्यंत सर्वांना सारखाच लागू असतो. सर्वांत जवळचे रुग्णालय किती दूर आहे आणि विमान-रुग्णवाहिकेचा खर्च विम्यात धरला आहे का, हे लेखी घ्यावे. हिवाळ्यात पहाटे उघड्या गाडीत थंडी अक्षरशः बोचते, तेव्हा कानटोपी, हातमोजे आणि जाड कोट आईंच्या बॅगेत सर्वांत वर ठेवा.

एखाद्या सकाळी आई फेरीला गेल्या नाहीत म्हणून खंत करू नका. अनेक घरांच्या ओट्यासमोरच पाणवठा असतो आणि कोरड्या ऋतूत हत्तींचे कळप स्वतःहून तेथे येतात. एखाद्या नातवंडालाही त्यांच्यासोबत मागे ठेवा.

प्रश्न: आम्ही दोघे आजी-आजोबा नातवाला घेऊन आधी निघणार आहोत, मुलगा-सून नंतर येतील. काही अडचण येईल का?

उत्तर: कागदपत्रे नसतील तर येईल. दक्षिण आफ्रिका अल्पवयीन मुलांच्या प्रवासाबाबत काटेकोर आहे. आई-वडील दोघांची नावे असलेला जन्मदाखला, दोघांचे शपथपत्रावरील संमतीपत्र आणि त्यांच्या पारपत्रांच्या प्रती व्हिसाच्या अर्जासोबत द्या, आणि एक संच हातातल्या पिशवीत ठेवा. लहान विमानाने जाणार असाल तर सामान मऊ बॅगांमध्येच भरा; कडक पेट्या घेत नाहीत आणि वजनाची मर्यादा बहुधा 20 किलोच असते.

प्रश्न: माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. "जंगलात तरणतलाव बांधून राहणे म्हणजे जंगलावर अन्यायच," असे ती म्हणते. तिला काय सांगावे?

उत्तर: तिचा प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर जागेनुसार बदलते. थोड्या पाहुण्यांकडून जास्त पैसे घेण्याच्या पद्धतीमुळे मोठ्या क्षेत्रावर मोजक्याच इमारती उभ्या राहतात, आणि शिकारविरोधी गस्तीचा खर्च बऱ्याच अंशी याच पैशांतून निघतो. गेंड्यांच्या अनेक क्षेत्रांत शिकाऱ्यांना मोह होऊ नये म्हणून शिंगे कापावी लागतात. शिंग आपल्या नखांसारखे केराटिनचे असल्याने पुन्हा वाढते आणि काही काळाने तेच काम पुन्हा करावे लागते. शिंगाविना गेंडा दिसला तर त्यामागचे कारण रेंजरकडून मुलीला ऐकू द्या.

परंतु प्रत्येक लॉजचा पैसा जंगलाकडे आणि शेजारच्या गावांकडे जातो असे मुळीच नाही. म्हणून आरक्षणापूर्वी मुलीलाच पत्र लिहू द्या: कर्मचारी कुठल्या गावांचे आहेत, पाणी कोठून घेता, जमिनीच्या मालकीत स्थानिक समाजाचा वाटा किती? मादिक्वेमधील बफेलो रिज हे लॉज लेखोफुंग गावच्या बालेटे समाजाच्या मालकीचे आहे, म्हणजे असे होऊ शकते हे सिद्धच आहे. जे लॉज अशा प्रश्नांना मोघम उत्तर देते ते यादीतून काढा. आणि जेथे सिंहाचे बछडे कुरवाळायला देतात, त्यांच्यासोबत छायाचित्रे काढू देतात किंवा हत्तीवर बसवतात, तेथे नातवंडांनी कितीही हट्ट केला तरी जाऊ नका. असे बछडे आईपासून लवकर तोडले जातात, आणि मोठे झाल्यावर त्यांतील अनेकांची रवानगी बंदिस्त आवारातील शिकारीसाठी होते. हे कारण मुलांना निघण्यापूर्वीच, घरी बसून, त्यांच्या वयाला समजेल अशा शब्दांत सांगून ठेवावे.