नाव नसलेले नामशेष कसे होतील?

प्रश्न असा आहे : 'नामशेष' म्हणजे फक्त नाव उरलेला. डायनोसॉर पृथ्वीवर वावरत होते तेव्हा त्यांना नाव ठेवायला माणूसच नव्हता. मग 'डायनोसॉर नामशेष झाले' हे वाक्य चूक नाही का? त्याऐवजी लुप्त, विलुप्त, अस्तंगत यांपैकी काय लिहावं?

प्रश्न खोचक आहे, आणि विग्रहापुरता बरोबरही. 'नाम हेच ज्याचं शेष आहे तो' असा हा बहुव्रीही. कथाशेष, कीर्तिशेष ही याची भावंडं. संस्कृतात हे शब्द मेलेल्या माणसासाठी येतात : माणूस गेला, मागे नाव किंवा गोष्ट राहिली. मराठीत मात्र आपण माणसाला नामशेष म्हणत नाही. घराणी, किल्ले, धंदे आणि प्राणी नामशेष होतात. काटेकोर अर्थाने हा शब्द डोडोला शोभतो. मॉरिशस बेटावरचा हा पक्षी खलाशांनी पाहिला, त्याला नाव दिलं, आणि सतराव्या शतकातच तो संपला. आधी नाव, मग अंत, मग फक्त नाव.

डायनोसॉरांच्या बाबतीत सगळाच क्रम उलटा. अंत सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आणि नाव १८४२ सालचं. रिचर्ड ओवेन या इंग्रज शरीरशास्त्रज्ञासमोर तेव्हा जेमतेम तीन प्राण्यांचे तुकडे होते : मेगॅलोसॉरस, इग्वानोडॉन आणि हायलिओसॉरस. तिघांच्याही कमरेतले मणके एकमेकांत घट्ट जुळलेले दिसले, म्हणून त्याने त्यांचा वेगळा गट केला आणि ग्रीक 'देइनोस' व 'सावरोस' जोडून नाव बनवलं. सावरोस म्हणजे सरडा. देइनोसचा अर्थ आपण सरसकट 'भयंकर' सांगतो, पण ओवेनच्या मनात होतं 'धडकी भरेल इतकं मोठं'. मराठीत कधीकधी 'भीमसरट' असा पर्याय वाचायला मिळतो. मला तो फार आवडतो, कारण 'भीम' हा शब्द 'भी' म्हणजे भिणे या धातूतून आला आणि मराठीत येईपर्यंत 'अवाढव्य' या अर्थाला पोचला. ओवेनला हव्या असलेल्या दोन्ही छटा एका शब्दात! दुसरा अर्धा मात्र फसवा. डायनोसॉर सरडे नव्हेत. सरड्याचे पाय कुशीतून बाहेर फाकलेले असतात. डायनोसॉरांचे पाय खांबासारखे सरळ अंगाखाली. आज हयात असलेल्यांत त्यांचं जवळचं नातं मगरींशी आणि त्याहून जवळचं पक्ष्यांशी.

तर मग उरलं काय? हाडं, असं उत्तर पटकन येतं, पण तेही पुरतं खरं नाही. गाळात गाडल्या गेलेल्या हाडांत पाण्यातली खनिजं झिरपतात, पोकळ्या भरतात, मूळ द्रव्याची जागा घेतात. संग्रहालयात आपण पाहतो तो बहुतांशी दगड असतो. 'जीवाश्म' या शब्दात ते स्पष्टच आहे. तेव्हा विग्रहावर अडून बसायचंच असेल तर डायनोसॉरांना 'अश्मशेष' म्हणावं लागेल. हा शब्द मी आत्ताच बनवला आहे, तो कोणी वापरावा असा आग्रह नाही.

खरोखर नामशेष झालेला एक डायनोसॉर मात्र दाखवता येतो. ऑथनिएल मार्श या अमेरिकी जीवाश्मशास्त्रज्ञाने १८७७ साली एका प्राण्याचं नाव ठेवलं अपॅटोसॉरस, आणि १८७९ साली दुसऱ्याचं ब्राँटोसॉरस. १९०३ साली एल्मर रिग्ज याने दाखवलं की दोन्ही एकाच प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या एकाच गटात, मोडतात. नियमाप्रमाणे आधीचं नाव टिकतं, म्हणजे ब्राँटोसॉरस बाद. पण लोकांच्या तोंडून ते नाव काही जाईना. पुढची शंभरावर वर्षं शास्त्राच्या वहीत प्राणी नाही आणि जगाच्या तोंडी नाव आहे, असा प्रकार चालला. याहून चोख नामशेष कुठे सापडणार? २०१५ साली एका मोठ्या तुलनात्मक अभ्यासाने ब्राँटोसॉरस वेगळाच असल्याचा निष्कर्ष काढला आणि त्याला पुन्हा देह मिळाला. सगळ्यांना तो मान्य नाही, ते सोडा.

दुसरं उदाहरण ओव्हिरॅप्टरचं. मंगोलियात १९२३ साली याचा सांगाडा अंड्यांच्या घरट्याजवळ मिळाला. अंडी दुसऱ्याची समजली गेली, आणि पुढच्या वर्षी नाव पडलं 'अंडीचोर'. नाव ठेवलं आणि नावंही ठेवली! १९९३ साली गोबीच्या वाळवंटात तसल्याच एका अंड्यात गर्भाची हाडं सापडली, ती याच्याच कुळातली निघाली. तिथेच याच्या एका भाऊबंदाचा सांगाडाही मिळाला : अंड्यांच्या वर्तुळाच्या मधोमध बसलेला, मागचे पाय दुमडलेले, पुढचे हात दोन्ही बाजूंनी अंड्यांवर पसरलेले. खुडूक कोंबडी बसते, अगदी तस्साच. आळ खोटा ठरला तरी नाव बदलता येत नाही, नियम आड येतो.

आता पर्यायांकडे. 'लुप्त' मला इथे नको वाटतो. पाणिनीचं सूत्र आहे 'अदर्शनं लोपः'. लोप म्हणजे दिसेनासं होणं, नष्ट होणं नव्हे. लुप्त झालेलं पुन्हा प्रकट होऊ शकतं. हा शब्द सीलाकँथ माशाला द्यावा. हा मासा फक्त जीवाश्मांतून माहीत होता, डायनोसॉरांबरोबरच संपला असं धरून चालले होते, आणि १९३८ साली दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत मासेमारीच्या जाळ्यात तो जिवंत आला. 'विलुप्त' चुकीचा नाही, पण सध्या तो हिंदीच्या वाटेने आपल्याकडे शिरतो आहे, आणि 'लुप्त'पेक्षा जास्त काही सांगत नाही.

'अस्तंगत'ला माझी हरकत वेगळी. अस्त हळूहळू होतो. मावळतीला लागलेल्या चालीरीतींना तो शब्द ठीक. डायनोसॉर सोळा कोटींहून अधिक वर्षं जमिनीवर वावरले आणि त्यांचा शेवट भूशास्त्राच्या घड्याळात निमिषाचा ठरला. सुमारे १० किलोमीटर रुंदीची अवकाशी शिळा आजच्या मेक्सिकोतल्या युकातान द्वीपकल्पाच्या जागी आदळली. तिथलं चिक्शुलुब विवर जवळपास १८० किलोमीटर व्यासाचं आहे. उडालेल्या धूळ-काजळीने सूर्य झाकला, झाडोरा मेला, मग तो खाणारे, मग त्यांना खाणारे. त्याच सुमाराला दख्खनमध्ये लाव्हाचे थर साचत होते. त्यांचा वाटा किती, यावर अभ्यासकांत वाद आहे. भर दुपारी अंधार झाला त्याला मावळणं कसं म्हणायचं?

'निर्वंश' आणि 'निःशेष' हे दोन शब्द प्रश्नात नाहीत, पण खरी गंमत तिथेच आहे. भागाकारात बाकी शून्य आली की निःशेष भाग गेला म्हणतात. 'शेष' म्हणजे बाकी. प्रलयानंतरही उरतो म्हणून तो नागही शेष. डायनोसॉरांच्या भागाकारात बाकी उरलेली आहे : पक्षी. १८६१ साली जर्मनीत मिळालेला पिसांचा आर्किऑप्टेरिक्स, १९९६ साली चीनमधून जगापुढे आलेला तंतूंसारख्या पिसांचा सायनोसॉरॉप्टेरिक्स, आणि असे कितीतरी दुवे जोडून आज पक्षी डायनोसॉरांच्याच एका शाखेत गणले जातात. छातीवरचं बेचक्यासारखं हाड टायरॅनोसॉरसला होतं, कोंबडीलाही आहे. कोंबडीच्या पायाकडे एकदा नीट पाहा, त्यावरचे खवले आणि पुढची तीन बोटं. सुमारे ११ हजार जातींचा वंश हयात असताना निर्वंश म्हणवत नाही.

म्हणून माझं मत 'नामशेष'च्या बाजूने आहे. तो रुळलेला आहे, नेमका अर्थ पोचवतो, आणि शब्द वापरताना कोणी विग्रह करत बसत नाही. 'तेल' म्हणताना तीळ कुठे आठवतात? दुरुस्ती हवी ती क्रियापदाआधीच्या नावात. मी असं लिहीन : 'सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पक्षीतर डायनोसॉर नामशेष झाले.' पक्षी अधिक इतर, पक्षीतर. 'पक्षी तर' असं तोडून वाचलं जाण्याचा धोका आहे खरा, तेव्हा शाळेच्या वहीत 'पक्षी वगळता बाकीचे डायनोसॉर' लिहिलेलं बरं.