लोणारच्या लवणासुराची दंतकथा निव्वळ भाकड आहे काय, आणि विवर पाहण्यास केव्हा जावे?

आपला प्रश्न मला झोंबला, कारण माझ्या साडूंनी विवराच्या काठावर, पूजेचे साहित्य विकणाऱ्या एका वृद्ध बाईंसमोर, नेमके हेच विधान प्रश्नचिन्हाशिवाय केले होते, आणि त्यावरून आमच्यात पेटलेला वाद अद्याप विझलेला नाही.

बाईंनी कथा आमच्या भागात सांगतात तशीच सांगितली. लवणासुर जमिनीखालच्या गुहेत दडला होता. विष्णूने देखण्या तरुणाचे रूप घेऊन त्याच्या बहिणींकडून ठावठिकाणा काढला, पायाच्या अंगठ्याने गुहेचे झाकण उडवले आणि दैत्याचा वध केला. तळ्याचे पाणी हे त्याचे रक्त, पाण्यातला खार हे कुजलेले मांस, आणि उडालेले झाकण म्हणजे ढाकेफळजवळची टेकडी. साडू हसले व म्हणाले की हे विझलेल्या ज्वालामुखीचे मुख आहे, आम्ही शाळेतच शिकलो. बाई एवढेच म्हणाल्या, "बापू, कडा तं पाह्य, बाहीर उलथली हाये."

विवराच्या तळाशी असलेल्या कमळजादेवीच्या देवळाकडे उतरताना ते स्पष्ट दिसते. वऱ्हाडात इतरत्र काळ्या पाषाणाचे थर आडवे पसरलेले असतात. येथे मात्र काठाशी ते वर उचलले जाऊन बाहेरच्या बाजूला कलले आहेत, आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या या खड्ड्याची कडा भोवतालच्या शेतांपेक्षा साधारण २० मीटर उंच आहे. प्रचंड आघाताच्या दाबाने खडकातील फेल्डस्पार या खनिजाचे जे काचसदृश रूप होते, ते मास्केलिनाइट येथील बेसाल्टमध्ये, म्हणजे याच काळ्या पाषाणात, सापडल्याचे १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि हा खड्डा अशनीपाताने, म्हणजे आकाशातून दगड आदळून, झाल्याचे मत दृढ झाले. म्हणजे विज्ञानाच्या नावाने हसणारे गृहस्थ कालबाह्य पाठ घोकत होते, तर ज्यांना त्यांनी अडाणी ठरवले त्या बाईंनी निदान खडक नीट पाहिला होता. शिकलेल्या माणसाचा हा उद्दामपणा मला कोणत्याही दंतकथेपेक्षा अधिक अवैज्ञानिक वाटतो.

जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हा अनेकांना दैत्याचे रक्त आठवले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण क्षारप्रिय सूक्ष्मजीव असल्याचे दाखवले, आणि ते मला पूर्ण मान्य आहे. देवळातल्या कथेसाठी मी प्रयोगशाळेशी भांडत नाही.

जायचे असल्यास हिवाळ्यात, सकाळी लवकर जावे. सोबत ज्वालामुखीवाले कोणी असतील तर त्यांना लोणार गावातल्या दैत्यसूदन मंदिराआधी कडेचे थर दाखवावेत.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे: विवरातून उडालेला मलबा मुख्यतः काठापासून दीडेक किलोमीटरच्या आतच आढळतो, त्यामुळे कित्येक कोस दूर असलेली ढाकेफळची टेकडी येथून उडालेली असणे शक्य नाही. एवढा मुद्दा साडूंना खुशाल मिळावा. ज्वालामुखीचा मात्र नाही.