घराखाली मेट्रो आहे, पण जाऊ कुठे?

"मॅडम, आम्ही काय कमी केलं?"

म्हाताऱ्या आईवडिलांनी कुठे राहायचं, याबद्दल मी कुटुंबांना सल्ला देते. हे वाक्य मी ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या खोलीत इतक्यांदा ऐकलंय की समोरचा खुर्चीत बसायच्या आत ओळखता येतं. पूर्वी मुलं विचारायला यायची की आईवडिलांची सोय कुठे करायची. हल्ली प्रश्न उलटा येतो: हातीपायी धड असलेली आई आपण होऊन म्हणते, मी ज्येष्ठांच्या निवासात राहायला जाते, आणि मुलाच्या पोटात गोळा येतो. नातेवाईक काय म्हणतील हा त्यातला निम्मा भाग. उरलेला निम्मा तो बोलून दाखवत नाही.

ही गोष्ट तशाच एका घरातली. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, आणि गोष्ट लिहायची परवानगी घेतलीय.

माई ७४ वर्षांच्या. पोस्टातून निवृत्त, यजमान जाऊन आठ वर्षं झालेली. नौपाड्यात तिसऱ्या मजल्यावर घर, लिफ्ट नाही. इमारत पुनर्विकासाला निघाली, करारावर सह्या झाल्या, तीन महिन्यांत जागा रिकामी करायची. बिल्डर तीन वर्षं भाडं देणार होता. मुलानं गृहीतच धरलं होतं की आई नवी मुंबईत, खारघरला आपल्याकडे येणार. खोलीला नवा पंखाही लावून झाला होता. आणि माईंनी पर्समधून जाहिरातीचं कात्रण काढलं. ठाणे स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर, भर वस्तीत, स्वतंत्र राहू शकणाऱ्या ज्येष्ठांसाठी खोल्या. आपली किल्ली, आपला छोटा ओटा, खाली जेवणघर, रात्री नर्स.

"वृद्धाश्रमात जाणार म्हणते," मुलगा म्हणाला. शब्द त्याचा होता. कात्रणात तो कुठेच नव्हता.

पुढच्या भेटीला मी माईंना एकटीलाच बोलावलं. आल्या त्या कापडी पिशवीतून शेपूची जुडी डोकावत. जिना चढून दम लागला होता, पण आधी पिशवी सरळ उभी केली आणि मग पाणी प्यायल्या. मला वाटलं होतं सुनेबद्दल काहीतरी निघेल. सांगून टाकते, मी चुकले. इतकी वर्षं हे काम करून माझ्याही डोक्यात सासू-सून आधी येतात.

"अगं, सून चांगलीच आहे. घरही चांगलं आहे. सतरावा मजला, वारा काय सुंदर. लेक म्हणतो घराखाली मेट्रो आहे. आहे ना. पण मेट्रोनं जाऊ कुठे?"

खारघरला मेट्रो २०२३च्या नोव्हेंबरात आली. बेलापूर ते पेंधर धावते. माईंचं त्या मार्गावर काहीच नव्हतं.

मी एक कोरा कागद दिला आणि मागच्या आठवड्यात घराबाहेर जिथे जिथे गेल्या ते लिहायला सांगितलं. का गेल्या, चालत की रिक्षानं, कुणाला सोबत न्यावं लागलं का, एवढंच. हा कागद मी अशा प्रत्येक प्रकरणात भरून घेते. मैत्रिणी किती, छंद कोणते असं विचारलं की लोक हवेत बोलतात. पायांचा हिशोब खोटं बोलत नाही.

अकरा ओळी झाल्या. बँकेत पासबुक भरायला. मराठी ग्रंथसंग्रहालयात पुस्तक बदलायला. हे वाचनालय १८९३ सालचं, आणि माईंचं सभासदत्व लग्नाआधीपासूनचं. जांभळी नाक्याला भाजी, दोनदा. सोमवारी कोपिनेश्वराचं देऊळ. दातांचे डॉक्टर. भिशी. मसुंदा तलावाच्या काठावर फेरी, तीनदा. ब्लाउज शिवायला टाकला होता तो आणायला. अकरापैकी दहा ठिकाणी एकट्या गेल्या, त्यातल्या आठ ठिकाणी चालत.

मग त्याच कागदावर खारघरला यातलं काय उरेल तिथे खूण करायला सांगितली. त्यांनी बँकेपुढे केली. दातांच्या डॉक्टरांशी पेन थांबवलं. "मिळतील तिकडेही. पण न्यायला कुणीतरी लागेल." ती खूण केलीच नाही.

तिसऱ्या भेटीत मुलगा, सून, माई असे तिघे होते. कागद मी मुलाच्या हातात दिला. आपण आईला घर देतोय असं तो समजत होता. ती काय सोडून येणार आहे हे त्याला त्या अकरा ओळींत पहिल्यांदा दिसलं. तो लगेच म्हणाला, मग कर्जतकडे एक सुंदर प्रकल्प आहे, झाडी आहे, शांतता आहे. माई काही बोलल्या नाहीत. सूनबाई म्हणाली, "अहो, शांतता तुम्हाला हवीय."

सगळ्यात कामाचा प्रश्नही तिनंच विचारला. "आज आई चालत्या आहेत. उद्या पडल्या, पॅरालिसिस झाला, तर ते लोक ठेवतील का?"

स्वतंत्र ज्येष्ठांसाठीची निवासं आणि शुश्रूषा केंद्रं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाहिरातीत मात्र दोन्हीकडे तेच हसरे पांढरे केस दिसतात. स्वतंत्र निवासात तुम्ही आपले आपण उठता, आंघोळ करता, जेवायला खाली येता असं धरलेलं असतं. ते जमेनासं झालं की पुढे काय, याचं उत्तर करारात असतं, दाखवायला फिरवणाऱ्या मॅनेजरच्या बोलण्यात नसतं. मी त्यांना आधी कराराचा मसुदा मागवायला लावला. सातव्या पानावर ओळ सापडली: रोजची शुश्रूषा लागू लागल्यास कुटुंबीयांनी दोन महिन्यांत पर्यायी सोय करावी.

मुलाला वाटलं, झालं, विषय संपला. मला तसं वाटलं नाही. ही ओळ आहे हे आज कळणं आणि हॉस्पिटलमधून घरी आणायच्या दिवशी कळणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

जागा बघायला मी जात नाही, पण काय बघायचं ते सांगते. सकाळी अकराला जाऊ नका, संध्याकाळी सहाला जा, रिक्षांची रांग रस्त्यात घुसलेली असते तेव्हा. फाटकापासून भाजीपर्यंत आईला पिशवी घेऊन चालू द्या, तुम्ही मागून या. लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावतं का बघा. मुलगा इंजिनिअर, तो टेपच घेऊन गेला. महारेरानं, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणानं, २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या नव्या गृहप्रकल्पांसाठी किमान निकष ठरवून दिलेत, त्यात दारं ९०० मिलिमीटर रुंद हवीत, म्हणजे साधारण पस्तीस इंच. ही इमारत जुनी, डागडुजी करून वापरात आणलेली. न्हाणीघराचं दार सव्वीस इंच भरलं. व्हीलचेअर आत जाणारच नाही. मुलानं फोटो पाठवला, वर नुसतं "२६". त्याच मजल्यावर टोकाच्या खोलीचं दार रुंद होतं. ती पुढच्या महिन्यात रिकामी होणार होती.

मध्यवस्तीचे तोटेही मी लपवत नाही. वंदना बस डेपोच्या बाजूला पावसात पाणी तुंबतं. मसुंद्यावर विसर्जनाचे ढोल रात्री उशिरापर्यंत. दिवाळी पहाटेला राम मारुती रोडवर जी गर्दी आणि जे स्पीकर असतात, ते ऐकून कर्जतची शांतता खरंच आठवते. माई म्हणाल्या, "ते मला आत्ता कुठे चुकतंय?"

पैशांचा हिशोब फारसा अवघड नव्हता. पेन्शन आणि बिल्डरचं भाडं मिळून महिना भागत होता. दरवर्षी दर किती वाढवणार, अनामत किती दिवसांत परत, आणि बिल्डरनं भाडं थकवलं तर काय, एवढं लिहून घ्यायला सांगितलं. मध्येच मुलानं नव्या फ्लॅटच्या बक्षीसपत्राचा, म्हणजे आईनं तो हयातीतच त्याच्या नावे करून देण्याचा, विषय काढला. सहज, वाईट हेतूनं नव्हे. मी तो तिथेच थांबवला. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं २३वं कलम सांभाळायच्या अटीवर दिलेलं बक्षीसपत्र, सांभाळ न केल्यास रद्द करून मागायची सोय देतं. पण सांभाळायची अट दस्तातच लिहिलेली असली की म्हातारपणी ती सिद्ध करत बसावं लागत नाही. शिवाय राहायचं कुठे आणि मालमत्ता कुणाची, हे दोन निर्णय एका बैठकीत घेतले की दोन्ही बिघडतात.

माई आधी पंधरा दिवस राहून आल्या. पहिल्या दिवसाआधी कसलीही रक्कम भरू दिली नाही. परत आल्या त्या तक्रारी घेऊन: चपात्या चिवट, शेजारच्या काकू टीव्ही मोठ्यानं लावतात, आणि फाटक रात्री नऊला बंद. नाटक सुटायलाच साडेनऊ-दहा होतात. आधी सांगून ठेवलं तर वॉचमन उघडेल असं ठरलं. माईंनी ते करारात घालून घेतलं. चपात्यांचं काही झालं नाही. त्या आता स्वतःच्या दोन ओट्यावर लाटतात.

अकरा महिन्यांचा करार झाला. मुलगा दर रविवारी ठाणे-पनवेल लोकलनं येतो. सुरुवातीला तो फोन न करता यायचा आणि दोनदा खोलीला कुलूप बघून परत गेला.

सातव्या पानावरची ओळ मात्र तशीच आहे. त्यावर सूनबाईनं एक कागद तयार करून माईंच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. १०८, जवळचं हॉस्पिटल, रक्तदाबाच्या गोळ्या, घरी मदतनीस पुरवणाऱ्या दोन ब्यूरोंचे नंबर. शेवटची ओळ होती: "चालता येईनासं झालं तर खारघर." माईंनी ती खोडली नाही. पुढे पेन्सिलीनं एवढंच लिहिलंय: "आधी मला विचारा."