‘नटसम्राट’ चित्रपट पाहिलाय, तर नाटक पाहण्यात आणखी काही मिळेल का?

मिळेल, आणि बरंच मिळेल. गोष्ट माहीत असताना पुन्हा तेच का पाहायचं, असं तुम्ही विचारलंय. गोष्ट बरीचशी तीच आहे, पण नाटकात प्रेक्षकाची जागाच वेगळी आहे.

वि. वा. शिरवाडकरांचं हे नाटक १९७० साली रंगभूमीवर आलं. पडदा उघडतो तो निवृत्त नट गणपतराव ऊर्फ अप्पा बेलवलकरांच्या सत्काराने. ते समोर बघून बोलतात, म्हणजे आपल्याशीच बोलतात. सत्काराला जमलेली मंडळी वेगळी उभी करावी लागत नाहीत, तिकीट काढून बसलेले आपणच ती मंडळी. पुढे मुलाचं घर सुटतं, पोटची मुलगी चोरीचा संशय घेते, ‘सरकार’ (पत्नी कावेरीला ते याच नावाने हाक मारतात) हे जग सोडून जातात, आणि दर वेळी त्यांची स्वगतं ऐकायला आपणच उरतो. सुरुवातीला टाळ्या वाजवणारे आता अंधारात गप्प बसलेले असतात. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी खुर्चीत अक्षरशः अवघडलो होतो.

सिनेमाला हे साधत नाही. चेहरा इतका जवळ आला की स्वगत म्हणणारा माणूस कुणाशी बोलतोय, हा प्रश्न पडतोच. महेश मांजरेकरांनी २०१६च्या चित्रपटात त्यावर चांगला तोडगा काढला: रामभाऊ. विक्रम गोखल्यांचं हे पात्र मूळ नाटकात नाही. अप्पांना बरोबरीचा, त्यांना अरे-तुरे करणारा, त्यांचं नाटकीपण ओळखून असलेला एक नट-मित्र मिळाला आणि स्वगतांतलं कितीतरी ओझं संवादांवर गेलं. रुग्णालयातला कर्ण-कृष्णाचा प्रसंग मला चित्रपटातला सर्वात उत्तम वाटतो. याउलट गाजलेली स्वगतं पूर्ण आवाजात येतात तिथे नाना पाटेकरांसारखा नट असूनही चित्रपट जागच्या जागी थांबतो.

एका बाबतीत मात्र चित्रपटाने माझं मत बदललं. रंगमंचावर अप्पांचं मोठ्याने बोलणं, हातवारे, सगळं शोभून दिसतं, कारण रंगमंच त्यांचाच. तेच कॅमेऱ्यातून खऱ्याखुऱ्या दिवाणखान्यात पाहिलं, की रोज अशा माणसाबरोबर राहणाऱ्या सुनेची दमछाक कळते. नाटक पाहताना मला ती फक्त दुष्ट वाटली होती.

आणि कावेरी. अप्पा बोलत असतात तेव्हा रंगमंचावर ती बाजूला कुठेतरी असतेच: काहीतरी आवरत, नाहीतर नुसती ऐकत. तिच्याकडे कधी बघायचं ते आपण ठरवतो. चित्रपटात ते संकलक ठरवतो. मेधा मांजरेकरांनी काम मनापासून केलंय, पण सरकारांचं ते सतत तिथे असणं कापाकापीत हरवतं.

डॉ. श्रीराम लागूंच्या प्रयोगाची चित्रफीत मिळाली तर पाहाच, त्यातल्या कावेरीसाठी, म्हणजे शांता जोगांसाठीसुद्धा. पण आधी जिवंत प्रयोग गाठा, संच कुठलाही असो. दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशा कितीतरी नटांनी अप्पांची भूमिका केली आहे, ती एकाची कधीच नव्हती. प्रयोगाला गेलात तर अप्पांचं मोठं स्वगत सुरू असताना एकदा तरी नजर त्यांच्यावरून काढून सरकारांकडे वळवा.